अडीचशे मायक्रॉन

बालाघाटच्या कचेरीसमोर माहं दुकान आहे, उके फोटोकॉपी. बावीस वर्षं झाले. मी हिरालाल उके. माह्यासारखं लॅमिनेशन या शहरात कोणी करत नाही, असं गिऱ्हाईक म्हणते. अन् गिऱ्हाईकानं नाही म्हणलं तरी मी म्हणतो, कारण ते खरं आहे. एक फुगा येत नाही, एक सुरकुती पडत नाही. लोक घाई करते, भैया जल्दी करो, साहब उठ जाएंगे. मी सांगतो, साहेबाले उठू द्या, मशीन तापल्याबिगर मी कागद घालणार नाही. पटत असंल तर थांबा, नाहीतर बाजूले तीन दुकानं आहेत.

हे सारं काहून सांगून राह्यलो? कारण पुढं जे झालं ते अडाण्याच्या हातून झालं असं कोणी समजू नये. चांगल्या जाणत्या माणसाच्या हातून झालं.

कागदाची माही भीती जुनी आहे. माह्या बापानं भरवेलीच्या खाणीत मँगनीज फोडून मले दहावीपर्यंत शिकवलं. रेल्वेत जागा निघाली, मले बोलावणं आलं, अन् पेटी उघडून पाहतो तर मार्कशीट अर्धी उधईनं खाल्लेली. वाळवीले आमच्याकडं उधई म्हणते. तिकडच्या साहेबानं तो कागद दोन बोटांनी उचलला अन् परत माह्या हातात देल्ला.  माहा बाप बाहेर झाडाखाली बसला होता, त्याले जाऊन काय सांगायचं हेच मले सुचेना. पुढं चार पैसे जमले तसं पहिले नागपूरवरून लॅमिनेशनची मशीन आणली. तेव्हापासून माह्या घरात कागद उघडा राहत नाही. राशन कार्ड, जातीचा दाखला, पोरीच्या लशीचं कार्ड, अंजनाच्या आईचा एकुलता एक फोटो, सारं प्लास्टिकमधी. अंजना म्हणजे माही बायको. ती म्हणे, एखाद दिवशी मलेही मशीनमधी घालसान.

आमची एकच पोरगी, संघमित्रा. घरी मित्रा. बारावीत जिल्ह्यात नाव काढलं अन् दिल्लीच्या युनिव्हर्सिटीत फॉर्म भरला. तिले पायजे होतं इंग्रजी, नंबर लागला इटालियनले. फोनवर रडून राह्यली होती. मी म्हणलं, वापस ये, इथं काय कॉलेजं नाहीत का? ती म्हणे, एक महिना पाहतो बाबा. महिन्याभरानं फोन केला तर पोरगी हसून राह्यली. म्हणे, बाबा, तिकडंही आपल्यासारखंच आहे. घरात एक बोली, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी. आपण घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी, पेपर इंग्रजीत लिहितो. त्यायचंही तसंच होतं, अन् त्याच्यावर मोठमोठ्या लोकायनं पुस्तकं लिहिली.

मले त्यातलं काडीचं समजत नव्हतं. पण पोरीचा आवाज समजे. तीन वर्षं तिचा आवाज असाच राह्यला.

नातेवाईक मातर सोडत नव्हते. इटालियन शिकून काय करणार, पिझ्झाचं दुकान टाकणार का? वारासिवनीचे खेमराजभाऊ, म्हणजे अंजनाचा मोठा भाऊ, रिटायर मास्तर, समाजाच्या कमिटीचे अध्यक्ष. ते तर तोंडावर म्हणाले की भाऊजी, पोरीले बी.एड. करू द्या, उगी हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नका. मी म्हणलं, मास्तर, तुमचं बी.एड. तुमच्यापाशी ठेवा. असं बोललो की अंजना दोन दिवस माह्यावर फुगून राहे.

बी.ए. झाल्यावर मित्रा वर्षभर दिल्लीतच शिकवण्या घेत राह्यली, अन् मग तिनं इटलीतच एम.ए. करायचं ठरवलं. इटालियन भाषा, साहित्य अन् संस्कृती, असा दोन वर्षांचा कोर्स. गावाचं नाव पेरुजा. वॉर्डात सारे पेरूच म्हणायले लागले. काय हिरालालभाऊ, पोरगी पेरूले जाऊन राह्यली का? फी माफ, राहाणं-खाणंही त्यायच्याकडून. पण आधी तिथली बाई मुलाखत घेणार होती, कॉम्प्युटरवर.

मुलाखत माह्या दुकानातच झाली, कारण दुकानाचं नेट घरच्यापेक्षा बरं. मित्रा चार दिवस घरी आलती. एप्रिलमधला रविवार होता, कचेरी बंद, रस्ता शांत. मी शटर अर्धं ओढलं. पडद्यावर पांढऱ्या केसाची बाई आली, वय माह्या मोठ्या बहिणीएवढं असंल. मित्राले अभ्यास करायचा होता त्या बायायचा, ज्या इटलीच्या वरच्या भागात धानाच्या बांध्यात पाण्यात वाकून काम करत होत्या. त्यायच्या चिठ्ठ्या, त्यायच्या आठवणी लोकायनं लिहून ठेवल्या आहेत. इटलीतही धान होते हे मले तेव्हा समजलं. बाईनं विचारलं, इतक्या दुरून तुले याच बाया काहून दिसल्या? मित्रानं मागं वळून पाहलं. तिथं अंजना चहाचा थर्मास घेऊन उभी होती. मित्रा म्हणे, आई, रोवण्यात तुम्ही कशा काम करत होत्या ते सांग.

अंजना आधी लाजली. मग सांगायले लागली. लग्नाआधी बापाच्या गावी बारा वर्षं रोवणे लावले, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावली. पाणी पोटरीपर्यंत, पायाले जळू चिकटे ते घरी आल्यावर दिसे. कंबर दुखे म्हणून उभं राहायची सोय नाही, मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहून पाहे. मग बाया त्याच्या नावानं अशा आडून कोट्या करत की तोही हसे, पण आपल्यावरच आहे हे त्याले समजत नसे. ती एक वाक्य बोले, मित्रा ते इटालियनमधी सांगे, अन् ती पांढऱ्या केसाची बाई खाली मान घालून लिहून घेऊन राह्यली होती.  या बाईच्या तोंडून निघालेलं कोणी आजवर लिहून घेतलं नव्हतं, मीही नाही. त्यानंतर आठ दिवस अंजना वॉर्डात अशी चालली की जशी तीच एम.ए. होऊन आली.

मे महिन्यात मित्राची सीट पक्की झाली. जूनमधी ती सामान घेऊन घरी आली. सप्टेंबरच्या शेवटी जायाचं होतं.

आता त्या डिग्रीचं सांगतो. त्याच वर्षी मार्चमधी, मुलाखतीच्या आधी, तिची बी.ए.ची डिग्री पोस्टानं घरी आलती. मित्रा दिल्लीत, लिफाफा माह्या हातात. वर सोनेरी शिक्का, खाली निळ्या शाईची सही, अन् मधात माह्या पोरीचं नाव. बापाचंही नाव. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री. मी दुकान बंद केलं, हात साबणानं धुतले, मशीन चांगली अर्धा तास तापू देली अन् दुकानातली सर्वात जाड फिल्म काढली. अडीचशे मायक्रॉन. ती मी जमिनीच्या नकाशाले वापरतो, लोकायच्या कागदाले सव्वाशेची भरपूर होते. कागद असा सरळ निघाला की मीच पाहत राह्यलो. फोटो काढून मित्राले पाठवला. तिनं लिहिलं, वा बाबा. तिलेही ठाऊक नव्हतं. नंतर कितीतरी वेळा मी मनाले हेच सांगतलं, तिलेही ठाऊक नव्हतं.

परदेशात डिग्री चालवायची तर सरकारचा एक शिक्का लागते. त्याले अपोस्टील म्हणते. तो शिक्का डिग्रीच्या पाठीवर, खुद्द कागदावर बसते. जुलैच्या सुरुवातीले मित्रा सकाळच्या गाडीनं गोंदिया अन् तिथून नागपूरले गेली, कागद जमा करायले. संध्याकाळी वापस आली तर चेहरा उतरलेला. काउंटरवरच्या पोरानं डिग्री हातातही घेतली नव्हती. दुरूनच म्हणाला, मॅडम, लॅमिनेशनवाला नहीं चलेगा, स्टॅम्प किस पे लगाएं?

 मी म्हणलं, त्याले अक्कल नाही, मी येतो उद्या, पाहतो त्याले. मित्रा म्हणे, बाबा, नियम आहे, तो बिचारा काय करंल? मग ती दोन दिवस फोन लावत राह्यली. शेवटी दिल्लीच्या ऑफिसातल्या एका बाईनं रस्ता सांगतला. डिग्री खराब झाली असंल पण तिच्यावरचं सारं वाचता येत असंल, तर ती जमा करायची अन् पंचवीस दिवसात नवीन मिळते. जशी आहे तशी आणायची. पंचवीस दिवस म्हणजे ऑगस्टचा पहिला हप्ता, मग शिक्का, मग व्हिसा. बसत होतं. खेचूनखाचून बसत होतं.

तिनं गुरुवारचं दिल्लीचं तिकीट काढलं. अन् सोमवारी जेवताना मले म्हणाली, "बाबा, माह्या गळ्याची शपथ आहे. डिग्रीले आता हात नका लावू."

मी म्हणलं, हौ.

खरं सांगू? मले राग आला होता. पोरीवर नाही, त्या नियमावर, अन् त्याच्याहून जास्त माह्यावर. माह्या चुकीपायी पोरगी एवढ्या दूर जाणार, खिडकीसमोर उभी राहणार, कोण्या बाबूले सांगणार की माह्या बापानं असं केलं.  मंगळवारी सकाळी वसंता आला. वसंता म्हणजे मशीन दुरुस्त करणारा, माहा पंधरा वर्षांचा दोस्त. त्याले सांगतलं तर म्हणे, बस इतकंच? केस वाळवायच्या मशीननं गरम हवा दे, हळूहळू सोल, साबूत निघते. मी एका कागदाचं काढलं आहे. त्यानं घरून ती मशीन आणूनही देली.

मी लगेच हात नाही घातला, एवढा मूर्ख मी नाही. आधी जुन्या तीन नगावर करून पाहलं. एक शाळेचं ओळखपत्र, दोन बिघडलेल्या फोटोकॉप्या. तीनही साबूत निघाले. तेव्हा माह्या मनानं घेतलं की मीच लावलं, मीच काढतो. पोरगी डबा घेऊन येईल तेव्हा तिच्या हातात कोरी डिग्री ठेवतो. दिल्लीले जायाची गरज नाही, पंचवीस दिवस वाचले, उद्याच नागपूरले जा म्हणतो. घरी जाऊन तिच्या फाईलमधून डिग्री काढून आणली. अंजना तिच्या अंगणवाडीच्या कामावर होती, मित्रा बँकेत गेलती.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ते तीनही नग सव्वाशे मायक्रॉनच्या फिल्ममधले होते. डिग्री अडीचशेत होती, अन् ती मी अर्धा तास तापलेल्या मशीनमधून काढलेली. मीच.

कोपरा चांगला सुटला. मी हळूहळू ओढत गेलो. मधात आल्यावर प्लास्टिकसंग काहीतरी वर येऊन राह्यलं असं दिसलं, मी थांबलो, थोडी गरमी वाढवली. तिथंच थांबायले पायजे होतं. पुढं ओढलं अन् कागदाचे दोन पदर झाले. वरचा पदर प्लास्टिकले चिकटून निघाला, त्याच्यासंग सही, सोनेरी शिक्का, अन् डिग्रीचा नंबर. खालचा पदर टेबलावर राह्यला, कापसासारखा, पांढरा. त्याच्यावर मित्राच्या नावाची फक्त सावली होती.

मी तसाच बसून होतो. गिऱ्हाईक आलं, आवाज देऊन गेलं. बारा-साडेबाराले मित्रा डबा घेऊन आली. तिनं टेबलाकडं पाहलं. मग डबा ठेवला. वरचा पदर उचलला, खालचा उचलला, एकावर एक ठेवून पाहले, जसं लहान लेकरू फुटलेली बशी जोडून पाहते. नंतर खुर्चीवर बसली. मले वाटलं आता ओरडंल. मी वाट पाहून राह्यलो होतो की ओरडावं.

म्हणाली, "जेवून घ्या बाबा. थंडं होते."

संध्याकाळी तिनं दिल्लीले फोन लावला, माह्या समोरच. बाई म्हणाली, नंबर अन् सही दिसत नसंल तर ती खराब डिग्री धरता येत नाही. मग हरवलेलीचा रस्ता. पोलिसात रिपोर्ट, नोटरीचं शपथपत्र, पेपरात जाहिरात, अन् मग चौकशी होऊन तीन-चार महिने. मित्रा धन्यवाद म्हणाली. फोन ठेवल्यावर बोटावर महिने मोजले अन् सारी बोटं उघडून हात मांडीवर ठेवला.

तिनं पेरुजाच्या बाईले लिहिलं. बाईनं दोन वेळा उत्तर देल्लं, लांबलचक. ऑक्टोबर संपेस्तोवर थांबते म्हणाली, त्याच्यापुढं तिच्याही हातात नव्हतं. तोवर डिग्री, शिक्का, व्हिसा सारं बसत नव्हतं, सीट गेली. मित्राची दिल्लीची मैत्रीण प्रियंका ऑगस्टमधी व्हिसा घेऊन मोकळी झाली. तिचा फोन आला की मित्रा हसून बोले, कोणते कपडे घे, कोणती पुस्तकं राहू दे, सारं सांगे. फोन ठेवला की अंगणात जाऊन उभी राहे.

शपथपत्र तिनं माह्याच दुकानात टाईप केलं. कचेरीसमोर बसून मी असे हजार कागद छापले, मजकूर सारा पाठ आहे. मैं शपथपूर्वक कथन करती हूं कि मेरी मूल उपाधि मेरी स्वयं की लापरवाही से गुम हो गई है. मी तिच्या मागं उभा होतो. म्हणलं, बेटा, हे खोटं आहे. माहं नाव टाक. बापाच्या हातून खराब झाली असं लिही.

ती म्हणे, "डिग्री माही आहे बाबा. तुमचं नाव टाकलं तर पुन्हा विचारतील, पुन्हा थांबवतील. हरवली म्हणलं की हरवली."

तिनं सही केली. जाहिरात तिसऱ्या दिवशी हिंदी पेपरात आली, तिच्या नावासकट, वॉर्डासकट. चार ओळी होत्या. तेवढ्या चार ओळी साऱ्या बालाघाटनं वाचल्या. नळावर बाया अंजनाले विचारत, एवढी शिकली पोरगी, एक कागद सांभाळता नाही आला? खेमराजभाऊचा फोन आला, मित्रानंच उचलला. मी बाजूले बसून ऐकत होतो. हौ मामाजी. माह्याच हातून. हौ, चूक झाली. पुढं ध्यान ठेवीन. मी हात पुढं केला, फोन दे म्हणून. तिनं पाठ फिरवली.

ती बोलली नाही म्हणून अंजना बोलली. एका सकाळी चुलीवर दूध उतू गेलं तरी तिचं ध्यान नव्हतं. माह्याकडं न पाहता म्हणे, तिनं तुमाले शपथ घातलती. तुमाले मशीन पोरीपेक्षा प्यारी झाली.  मशीन प्यारी नव्हती. पोरीसमोर शहाणं दिसणं प्यारं होतं. हे मले तेव्हा समजलं, अन् कोणाले सांगावं असं ते नव्हतं.

सप्टेंबरपासून मित्रा माह्या दुकानात बसायले लागली. दुसरा कॉम्प्युटर लावून लोकायचे ऑनलाइन फॉर्म भरे. पोलीस भरती, स्कॉलरशिप, पेन्शनची केवायसी. कामाले इतकी चोख की लालबर्राहून लोक येत, मॅडमकडूनच भरून पायजे म्हणत. धंदा वाढला.  ज्या दिवशी पेरुजाले वर्ग सुरू झाले त्या दिवशी मले तारीख पाठ होती, तिलेही होती.  दुपारी गर्दी कमी झाली तेव्हा माह्यानं राहावलं नाही.

मी म्हणलं, मित्रा, माह्यावर रागाव. शिव्या दे. चार लोकात दे.

ती फॉर्म भरूनच राह्यली होती. म्हणाली, "दुश्मनीनं केलं असतं तर रागावली असती बाबा. आता राग ठेवू कुठं?"

मी म्हणलं, पुढच्या वर्षी पुन्हा भर. मी पायी नेऊन देतो कागद. ती म्हणाली, ती बाई या वर्षी रिटायर होऊन राह्यली. धानाच्या बायायचा विषय शिकवणारं तिथं दुसरं कोणी नाही. अन् नंतर हळू आवाजात म्हणाली की रोज थोडं इटालियन वाचत होती, आता पुस्तक उघडलं की डोकं दुखते. त्यानंतर मी पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही.

चौदा ऑक्टोबरले धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी त्या दिवशी दुपारी आमच्या विहारात पोरांचा सत्कार होते. जो शिकून पुढं गेला त्याले शाल अन् पुस्तक. मित्राचं नाव कमिटीनं जूनमधीच यादीत टाकलं होतं, इटलीले जाणारी समाजाची पहिली पोरगी म्हणून. मले वाटलं ती येणार नाही. आली. पांढरी साडी नेसून आईच्या बाजूले बसली, तिसऱ्या रांगेत. मी मागं बसलो. दोनशे माणूस असंल.

वंदना झाली, सत्कार झाले, मित्राचं नाव कोणी पुकारलं नाही. मग खेमराजभाऊ बोलायले उठले. त्यायच्या मनात वाईट नव्हतं. माणूस मास्तर आहे, कुठंही धडा दिसला की सांगतेच. ते म्हणाले, आपल्या लोकायले बाबासाहेबांनी कागदाची किंमत शिकवली. पण आपण ती विसरून राह्यलो. माहीच भाची पाहा. इटलीतलं एवढं मोठं शिक्षण हातात आलं होतं, अन् एका कागदाच्या निष्काळजीपणापायी गेलं. मी माह्या घरचंच उदाहरण देतो, दुसऱ्याचं देत नाही. पोराहो, हुशारी कामाची नाही, कागद सांभाळा.

साऱ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. मित्रा समोर पाहत बसली होती.

अन् मग त्यायले मी दिसलो. म्हणाले, भाऊजी, या समोर. हिरालालभाऊनं बावीस वर्षं लोकायचे कागद सांभाळले. यायच्यापेक्षा जाणता माणूस कोण आहे? दोन शब्द सांगा पोरायले, कागद कसे सांभाळायचे.

मी उठलो. मनात पक्कं होतं. आज सांगतो. माईकवर सांगतो, पोरीनं काही हरवलं नाही, मी शपथ मोडली, मी फाडली. सारं वाक्य तोंडात तयार होतं. माईक हातात घेतला. समोर दोनशे तोंडं, त्यातली निम्मी माह्या दुकानाची गिऱ्हाईकं. पहिल्या रांगेत लहान पोरं नवीन शाली पांघरून बसलेली. मी मित्राकडं पाहलं. वाटलं, एकदा तिनं मान हलवली की बोलतो. तिनं मान हलवली, पण आडवी. नाही बाबा. इतकी हळू की माह्याशिवाय कोणाले दिसलं नसंल.

तिनं नाही म्हणलं म्हणून मी थांबलो, असं मी अंजनाले नंतर सांगतलं. खोटं सांगतलं. मित्रानं मान हलवली नसती तरी मी थांबलो असतो. त्या दोनशे तोंडांसमोर माहा जीव झाला नाही. बावीस वर्षांचं नाव होतं ते, अन् मले ते सोडवलं नाही.

मी म्हणलं, "कागद सांभाळून ठेवत जा, पोराहो."

बस, तेवढंच. माईक खाली ठेवला. लोकायले वाटलं मी अजून काही बोलीन. मग कोणीतरी टाळी वाजवली अन् साऱ्यांनी वाजवली. पहिली टाळी मित्राची होती.